ठकीची लढत आणि माझी मान

४ मार्च

काल जेवताना ठकीने सांगितलं, जूनमध्ये तिची पहिली लढत आहे. लढत म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, दुसऱ्या मुलीशी. गुद्दे चालतात, लाथा चालतात, खाली पाडून हात-मान आवळलेलीही चालते. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात याला. गेलं वर्षभर मी समजत होतो की ही मुलगी व्यायामाला जाते.

मी कवळ्या बनवतो. सत्तावीस वर्षं झाली. या शहरातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी जेवतात. दात गेले की चेहऱ्याचं काय होतं, हे मला कोणी सांगायला नको. मी म्हणालो, "चार वर्षं तारा लावून सरळ केलेत तुझे दात. ते फोडून घ्यायला?"

"बाबा, दात माझे आहेत."

"आणि घर माझं आहे."

हे बोलायला नको होतं. हिने, म्हणजे ठकीच्या आईने, चमचा खाली ठेवला. ही भूगोल शिकवते, तीस मुलांना नुसत्या भुवईवर गप्प करते. पण घरात चमचा खाली ठेवला की काय ते समजायचं.

ठकी वीस वर्षांची आहे. इमारतींचे नकाशे काढायला शिकते. खरं नाव वेगळं. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची, म्हणून ठकी. अजूनही तशीच उभी राहते. कालही ताटावरून तशीच उठून गेली.

ही वही घरी ठेवण्यासारखी नाही. कामाच्या टेबलाच्या खालच्या खणात, मेणाच्या पट्ट्यांखाली ठेवणार आहे. दुपारचा डबा झाला की लिहीन.

११ मार्च

आठ दिवस अबोला. ठकी म्हणते, "आई, बाबांना मीठ सरकवायला सांग." मी म्हणतो, "मीठ तिच्या कोपराशीच आहे म्हणावं." शेवटी ही म्हणाली, "मी काय टपालखातं आहे?" आणि मीठ उचलून फडताळात ठेवून आली. दोघांनीही अळणी खाल्लं.

ओरडून उपयोग नाही, हे मला कळतं. मुद्दे हवेत. ज्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही त्यावर मुद्दे कुठून आणणार? म्हणून ठरवलंय: शहराच्या पार दुसऱ्या टोकाला टायरच्या दुकानावर असाच एक क्लास आहे. महिनाभर जायचं, आतून सगळं बघायचं, मग तिला एकेक मुद्दा शांतपणे सांगायचा. घरी सांगितलं की आमच्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेत नवीन मशीन येतंय, त्याचं प्रशिक्षण. आठवड्यातून तीन संध्याकाळी.

ही म्हणाली, "बरं." एवढंच.

१४ मार्च

गेलो. लोखंडी जिना, वर लांबट खोली, जमिनीवर निळ्या मॅट, जोडांवर चंदेरी पट्टी चिकटवलेली. रबराचा आणि घामाचा वास. चपला दारात एका रांगेत. एकही वाकडी नाही. ते मला आवडलं.

शिकवणारी बाई पन्नाशीची. उंचीने माझ्या खांद्याला लागेल. दोन्ही कान चुरगळून टाकलेल्या कागदासारखे. सगळे तिला मावशी म्हणतात, तिच्याहून मोठा एक गृहस्थही. मला म्हणाली, "का आलात?"

मी म्हणालो, "पाठीसाठी."

"पाठ काय म्हणते?"

"काही नाही. बरी आहे."

"मग ठीक," म्हणाली आणि मला पडायला शिकवलं. तासभर नुसतं पडायचं. मागे, बाजूला, पुढे. हनुवटी छातीला लावायची, हात मॅटवर आपटायचा. एकोणपन्नासाव्या वर्षी मी बावीस वेळा पडलो आणि दर वेळी उठलो.

मुद्दा पहिला: अंगदुखी. आज पेन धरतानाही बोटं दुखताहेत.

१७ मार्च

मुद्दा दुसरा: मान. डावीकडे वळत नाही. बस येताना दिसावी म्हणून मला अख्खं उजवीकडून फिरावं लागलं.

बाथरूमच्या फळीवर दुखण्याच्या मलमाची नवी ट्यूब दिसली. हिने आणली असणार. मलम चांगलं आहे.

२९ मार्च

आता जोडीदार मिळालाय. लिफ्ट दुरुस्त करतो, सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणतात. शंभर किलो वजन आणि आवाज इतका हळू की दवाखान्यात बसल्यासारखा. माझ्या छातीवर बसायच्या आधी विचारतो, "बसू का, काका?" मी बस म्हणतो. मग बसतो.

खालून सुटायचं असतं. मी त्याला दोन्ही हातांनी ढकलतो. तो माझा लांब झालेला हात धरतो, कोपर उलटं वाकवू लागतो. मी थाप मारतो. थाप मारली की समोरच्याने तत्क्षणी सोडायचं, हा इथला एकमेव न मोडणारा नियम. काल मी अकरा वेळा थाप मारली. त्याने अकराही वेळा सोडलं आणि "लागलं का?" विचारलं.

पंधरा दिवस झाले. मुद्दे दोनच झालेत. एक महिना पुरणार नाही, दोन जावं लागेल. अर्धी चड्डी पायात अडकते म्हणून चांगल्यातली एक घेतली.

२ एप्रिल

एक गंमत. काल जेवताना ठकी भिंतीकडे बघत हिला म्हणाली, "आई, काही लोक खाली सापडले की ढकलायला हात लांब करतात. हात लांब केला की गेलाच. कोपरं बरगड्यांना चिकटवून ठेवायची, कुशीवर व्हायचं आणि कंबर मागे सरकवायची. ढकलायचं नाही, आपण सरकायचं."

ही म्हणाली, "असं होय." आणि उत्तरपत्रिका तपासत राहिली.

हे भूगोलाच्या बाईंना कशासाठी सांगत होती, कोण जाणे. मला मात्र ऐन वेळी कानावर पडलं.

४ एप्रिल

कोपरं चिकटवली. कुशीवर झालो. कंबर सरकवली. लिफ्टवाला माझ्यावरून घसरला आणि मी उठून बसलो! तो माझ्यापेक्षा जास्त खूष. "काका, जमलं की हो!" मावशींनी लांबूनच मान हलवली.

बसमध्ये माझं मलाच हसू येत होतं. शेजारच्या बाई उठून पुढच्या सीटवर गेल्या.

घरी ही म्हणाली, "मशीन चालू झालं वाटतं?" मी म्हणालो, "अं? हो. आज पहिल्यांदा चाललं."

१९ एप्रिल

हे लिहावं की नाही, विचार करत होतो. इथे नाही तर कुठे लिहिणार?

काल लिफ्टवाला वर होता, नेहमीसारखाच. त्याची छाती माझ्या तोंडावर आली. नेहमीही येते. काल मात्र श्वास आत जाईना. जात असणार, पण मला वाटलं, जात नाही. डोळ्यांपुढे निळं झालं. मी थाप मारायचीच विसरलो. लाथा झाडल्या, ओरडलो. त्याचं नाक माझ्या कपाळाने फुटलं. तो बिचारा बाजूला बसून रक्त पुसत मलाच विचारत होता, "काका, बरे आहात ना?"

मी उठलो, पिशवी घेतली, जिन्यात गेलो. तिथेच एका पायरीवर बसलो. मावशी आल्या, एक पायरी सोडून बसल्या. खाली कोणीतरी टायरात हवा भरत होतं.

मी म्हणालो, "माझ्याच्याने नाही होणार."

"घाबरलात?"

"हो."

"मग बरोबर चाललंय. शंभर किलो अंगावर आल्यावर न घाबरणाऱ्याला मी शिकवत नाही. तो कोणालातरी इजा करतो." मग म्हणाल्या, "तुम्ही पाठीसाठी आला नाहीत."

मी सांगून टाकलं. मुलगी, लढत, दात, घर माझं आहे, सगळं. त्या ऐकत होत्या. तोंडावरची रेषा हलली नाही.

"तुम्हाला तिला थांबवायचंय."

"तिला काही होऊ नये एवढंच."

"त्या दोन गोष्टी एक नाहीत," म्हणाल्या. "चला, त्याच्या नाकाला बर्फ लावा. तुम्हीच फोडलंय."

मी आत जाऊन बर्फ लावला. आता त्याच्याएवढं मला तिथे कोणीच जवळचं वाटत नाही.

सारखं मनात येतं: ठकीलाही असं कधीतरी झालं असेल. श्वास नाही, डोळ्यांपुढे निळं. तेव्हा ती जिन्यात एकटीच बसली असेल, घरी आली असेल, आणि मी विचारलं असेल, "आज उशीर?"

६ मे

बाथरूमच्या फळीवर ठकीचं माउथगार्ड सापडलं, लढताना दात वाचवायला घालतात ते. दुकानातलं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं, तसलं. कडा चावून चावून झिरझिरीत झालेल्या. मागच्या दाढांवर तर नुसतं लोंबतंय. हे घालून गुद्दा खाल्ला तर दाताचं राहू दे, ते घशात जाईल.

मी पसंत करतो की नाही, हा प्रश्न वेगळा. काम वाईट आहे. माझ्या घरात, माझ्या फळीवर असलं काम!

दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्याशी थेट बोललो. "उद्या दुपारी प्रयोगशाळेत ये. वरच्या दातांचा ठसा घ्यायचाय."

ती दारात ताठ उभी राहिली. "किती वाजता?"

"दोन."

"बरं."

७ मे

आली. खुर्चीत बसली. मी गुलाबी लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला, तिच्या तोंडात दाबून धरला. तो घट्ट व्हायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात तोंड मिटता येत नाही, की बोलता येत नाही.

म्हणून मीच बोललो. ठरवलं नव्हतं. म्हणालो, "तू अकरा वर्षांची असताना सायकलवरून पडलीस आणि ओठ फाटला. डॉक्टर टाके घालत होते, मी तुझं डोकं धरलं होतं. तू रडली नाहीस. मी रडलो. तू बघितलं नाहीस. घर माझं आहे म्हणालो, ते चुकलं. घर तुझंही आहे. मला एवढंच कळत नाही की कोणी तुला मारत असताना मी कुठे बघायचं."

घड्याळ वाजलं. ट्रे काढला. ठसा उत्तम आला होता. तिने तोंड धुतलं, पुसलं. डोळे लाल होते. लगदा टाळूला लागला की कधीकधी पाणी येतं डोळ्यांतून.

मी ठसा उजेडात धरला. "डावा सुळा फिरलाय. दात जागेवर ठेवणारी रात्रीची प्लेट लावत नव्हतीस."

"सोळाव्या वर्षीच हरवली." मग म्हणाली, "बाबा, तुमच्या डाव्या कानाला सूज आहे. आज बर्फ लावा, नाहीतर कायमचा तसाच राहील. आणि मावशींना सांगा, मी विचारलंय."

मी ठसा हातात घेऊन उभाच.

"आमच्या सरांना त्यांनीच शिकवलंय," ती म्हणाली. "आणि तुमच्या पिशवीला मॅटचा वास येतो. कवळ्यांच्या मशीनला येत नाही तसला."

"कधीपासून कळलंय?"

"पहिल्या आठवड्यापासून. मलम मीच ठेवलं होतं."

"आणि तुझ्या आईला?"

"तिला तर 'बरं' म्हणाली तेव्हाच."

मी वहीतली मागची पानं चाळली. सगळंच वेगळं दिसतंय.

९ मे

माउथगार्ड झालं. प्लास्टरच्या दातांवर जाड प्लास्टिक तापवून, हवा ओढून घट्ट बसवलं. मागच्या बाजूला एक थर जास्त दिला. कडा चार वेळा घासल्या, गालाला बोचू नयेत म्हणून. रंग तिने काळा सांगितला होता. तिने घातलं, तोंड उघडलं, डोकं जोरात हलवलं. जागचं हललं नाही.

"कसं आहे?"

"काहीच घातलं नाही असं वाटतंय."

माझ्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

१४ जून

आज दुपारी लढत झाली. वही आता घरीच असते; सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

बॅडमिंटनचा हॉल, मधोमध आठकोनी जाळी. ही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आली होती. म्हणाली, "हात रिकामे नकोत." एकही तपासली नाही. गठ्ठा मांडीवर धरून बसली, वरच्या पेपराचा कोपरा फाटला.

ठकी आली. केस घट्ट बांधलेले, तोंडात काळं माउथगार्ड. आमच्याकडे बघितलं नाही. ते बरंच झालं. समोरची मुलगी उंच होती.

पहिल्या फेरीत ठकी चांगली खेळली. दोन गुद्दे खाल्ले, तीन दिले. प्रत्येक गुद्द्याला माझी मान मागे जात होती. हिने माझा गुडघा दाबून धरला होता. दुसऱ्या फेरीत ठकी पाय धरायला खाली झेपावली, डोकं बाहेरच्या बाजूला राहिलं, आणि त्या मुलीने वरून मानेला हात घातला. हॉलमधले लोक ओरडतच होते. मला मात्र कळलं. लिफ्टवाल्याने मला हे पन्नास वेळा केलंय.

"काय झालं?" हिने विचारलं.

"मान गेली. आता सुटणार नाही."

मी मनात म्हणत होतो, थाप मार, पोरी. थाप मार. मार्च महिन्यात मला ही पकड कळली नसती. मी जाळीवर चढून आत गेलो असतो. ठकीने एकदा सरकायचा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला, आणि मग त्या मुलीच्या पाठीवर दोनदा थाप मारली. तिने लगेच सोडलं. दोघी गुडघ्यांवर बसून एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

दात सगळे शाबूत. मी ते पहिलं बघितलं, खोटं का बोलू.

बाहेर थांब्यावर ठकी रस्त्याकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही बरोबर होतात. माझं काम नाही हे. सोडते मी."

हिने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात बस आली.

१६ जून

मला जे हवं होतं ते मिळालं. एकही मुद्दा न सांगता मिळालं. बरं वाटायला हवं होतं.

ठकी कॉलेजला जाते, येते, नकाशाच्या टेबलाशी बसते. पिशवी पलंगाखाली सरकवलीय. काल विचारलं, मान दुखते का. म्हणाली, नाही. मी गप्प बसलो तर हे असंच राहील. मला काहीच करायचं नाहीये. नुसतं गप्प बसायचंय. इतकं सोपं आहे की त्याचीच भीती वाटते.

१८ जून

क्लासला गेलो. मावशींना सगळी बातमी होती. म्हणाल्या, "अभिनंदन. थांबली की मुलगी."

"असं का बोलता?"

"मग कसं बोलू?"

लिफ्टवाल्याखाली तीन वेळा सापडलो, एकदाही सुटलो नाही. लक्ष नव्हतं.

१९ जून

सकाळी कामावर जायच्या आधी तिच्या खोलीत गेलो. ती पट्टीने रेघा मारत होती. मी उभ्याउभ्याच बोललो, बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

"मी बरोबर नव्हतो," म्हणालो. "मी घाबरलो होतो. तू म्हणतेस ते वेगळं."

तिने पट्टी उचलली नाही. "म्हणजे परत जाऊ म्हणता?"

"ते मी म्हणणार नाही. मला अजूनही भीती वाटते. तू गेलीस तर पुन्हा वाटेल. सोडायचं तर सोड. तुला कंटाळा आला म्हणून सोड, दुसरं काही आवडलं म्हणून सोड. बाबा बरोबर होते म्हणून सोडू नकोस. तो हिशेब चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे."

मी निघालो. जिन्यात आल्यावर कळलं की डबा विसरलोय, पण परत गेलो नाही. ही दुपारी स्वतः डबा घेऊन प्रयोगशाळेत आली. ही जागा घेतल्याला चौदा वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा. प्लास्टरच्या दातांच्या रांगा बघत फिरली. जाताना म्हणाली, "आज सकाळी भिंतीतून सगळं ऐकू आलं." आणि माझ्या टेबलावरची प्लास्टरची धूळ रुमालाने पुसून गेली.

२३ जून

ठकीची पिशवी पलंगाखाली नाही. मी विचारलं नाही. जेवताना तिनेच सांगितलं, मला, थेट: "सरांशी बोलले. या वर्षी लढत नको. खाली झेपावताना डोकं बाहेर राहतं, ते आधी नीट करायचं. मग पुढच्या वर्षी बघू."

"बरं," मी म्हणालो.

हिने मीठ सरकवलं. कोणी मागितलं नव्हतं.

२८ जून

आज रविवार, सकाळचा क्लास. लिफ्टवाला आला नव्हता; कुठल्यातरी इमारतीत लोक अडकले होते. मी जोडीदाराशिवाय भिंतीशी उभा. एवढ्यात जिना वाजला आणि ठकी वर आली. मावशींच्या पाया पडायला गेली, त्यांनी मध्येच तिची मान धरून खेळल्यासारखी खाली दाबली. मग आम्हा दोघांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकत्र."

मी चौऱ्याहत्तर किलो, ती छप्पन्न. मला वाटलं, जपून खेळावं लागेल. अर्ध्या मिनिटात मी पाठीवर होतो आणि ती माझ्या छातीवर. छप्पन्न किलो इतके जड असतात हे मला माहीत नव्हतं. कुठे टेकायचं, कुठे सैल सोडायचं, तिला सगळं ठाऊक आहे. मी इकडून सरकलो की ती तिकडे आधीच असायची. तिचा चेहरा इतक्या जवळून मी वर्षानुवर्षं बघितला नव्हता. भुवईवर एक बारीक पांढरा व्रण आहे. कधीचा, मला ठाऊक नाही. आता विचारीन.

"हळू धरू का?" तिने विचारलं.

"अजिबात नाही."

तिने आणखी वजन टाकलं. मी कुशीवर व्हायला गेलो, तिने परत सपाट केलं. पुन्हा गेलो, पुन्हा सपाट. घाम डोळ्यांत उतरला.

"किती वेळ धरणार आहेस?" मी विचारलं.

"तुम्ही सुटेपर्यंत."

मी सुटलो नाही. घड्याळ वाजलं तेव्हा आम्ही दोघंही हसत होतो, इतकं की तिची पकड सैल झाली आणि तरी मला उठता येईना. मावशी पलीकडून ओरडल्या, "हसताय काय? पुन्हा!"